पालखीलाही मुक्काम असतो

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी खामगावहून बुलढाण्याला एस.टी.ने येत होतो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाच्या मांडीवर मिठाईचे पुडे, कोणाच्या हातात नव्या कपड्यांच्या पिशव्या, आणि माझ्या मांडीवर कापडी पिशवीत बांधलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. बोथ्याचा घाट लागला तसे शेजारच्या गृहस्थांनी पिशवीकडे एकवार पाहून विचारले,

"मास्तर का तुम्ही?"

"हो. कॉलेजात शिकवतो."

"मग तुमचं बरं हाये बुवा! दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, वरून आयतवार. अर्धं वर्ष सुट्टी अन् पगार पुरा!"

मी हसलो. हे वाक्य मला नवे नाही. लहानपणी ते मी वडिलांना उद्देशून ऐकले, लग्न झाल्यावर पत्नीला उद्देशून ऐकले आणि स्वतःला उद्देशून तर गेली वीस वर्षे ऐकतो आहे. पूर्वी मी त्यावर हिशेब मांडीत बसे. उत्तरपत्रिका किती, फायली किती, सभा किती. आता हिशेब मांडीत नाही. कारण शिक्षकाला थकवणारी गोष्ट त्या हिशेबात सापडतच नाही. ती कुठे असते हे मला तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या आईने दाखवून दिले. ते सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे घर तीन मास्तरांचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. साठच्या दशकात ते प्राथमिक शिक्षक म्हणून लागले आणि मेहकर, लोणार भागातल्या खेड्यांतून पाटी-पेन्सिल गिरवून घेत निवृत्त झाले. आमच्या सौ. घाटावरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवतात. मी पदवीच्या मुलांना मराठी शिकवतो. घरात खडू इतका मुरलेला आहे की हळदीकुंकवाच्या कोयरीतसुद्धा एखादा तुकडा सापडावा. असे असूनही शिक्षक आतून कसा करपत जातो, हे या घरात कोणाला वेळेवर ओळखता आले नाही. दूध उतू गेले तर सगळ्या घराला दिसते. करपते ते मात्र तळाशी. वास आला म्हणजेच कळते.

तर तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनातली गोष्ट. महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार होती. गेल्या पाच वर्षांत काय काय केले याचे पुरावे गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. कार्यक्रम झाला असेल तर त्याचे छायाचित्र हवे, छायाचित्र असेल तर हजेरी हवी, हजेरी असेल तर अहवाल हवा. दिवसा तास, संध्याकाळी फायली, रात्री उत्तरपत्रिका, आणि या सर्वांच्या मध्ये दर पाच मिनिटांनी फोनची टिंगटिंग. मला वाटे, हे दोन महिने गेले की झाले. पण असे दोन महिने मी आधीच्या वर्षीही म्हटले होते आणि त्याच्या आधीच्या वर्षीही.

शरीराने खुणा द्यायला केव्हाच सुरुवात केली होती. गुरुवारपर्यंत आवाज बसे. रात्री झोप येई ती दोन वाजता मोडे, आणि मग छताकडे पाहत न तपासलेल्या वह्यांची गणती चाले. रविवारी दुपारी जेवण झाले की पोटात गोळा येई, कारण उद्या सोमवार. ज्ञानेश्वरी शिकवताना पूर्वी माझे मलाच भान राहत नसे. आता त्याच ओव्या मी घड्याळाकडे पाहत शिकवू लागलो होतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, वर्गात बसलेल्या मुलांचे चेहरे मला दिसेनासे झाले. दिसत ते हजेरीचे आकडे.

अशा एका सकाळी आठच्या तासाला एक मुलगा वीस मिनिटे उशिरा दारात उभा राहिला. मोताळा तालुक्यातला, घाटाखालचा. राजूर घाट चढून येणाऱ्या एस.टी.ने तो रोज येई. पहिल्या बाकावर बसे, आणि तास संपला की हमखास एक प्रश्न विचारी. त्या आठवड्यात त्याला उशीर होण्याची ती तिसरी खेप होती. तो "सर, येऊ का?" म्हणाला आणि माझ्या तोंडून निघाले,

"ही काय धर्मशाळा आहे? वेळेवर यायचं नसेल तर उद्यापासून येऊच नकोस. नाहीतरी शिकून तू काय दिवे लावणार आहेस!"

वर्ग चिडीचूप झाला. मुलगा क्षणभर उभा राहिला, मग पाठ फिरवून गेला. मी पुढची ओवी वाचायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अकरा दिवस पहिल्या बाकावरची ती जागा रिकामी होती, आणि खोटे कशाला बोलू, ती रिकामी आहे हे माझ्या ध्यानात आले ते अकराव्या दिवशी. तेसुद्धा तास संपल्यावर कोणी प्रश्न विचारला नाही म्हणून.

रविवारी मी त्याच्या गावी गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. मुलगा शेतावर होता. आईने खाट टाकून दिली, चहा ठेवला. बोलण्यातून कळले ते असे. सोयाबीन काढणीला आले होते. त्या आठवड्यात गावात मळणीयंत्र आले, ते रात्री त्यांच्या वाट्याला आले, आणि मुलगा पहाटेपर्यंत पोती धरून उभा राहत होता. तशाही अंगाने तो सकाळची गाडी पकडून तासाला येत होता.

मला मान वर करता येईना. मी म्हणालो, "माझं चुकलं, वहिनी. मी त्याला फार बोललो."

त्यावर ती माउली म्हणाली, "न्हाई सर, पोरगं तुमच्यावर रागावलं न्हाई. म्हने, सरांचं कायतरी बिनसलंय, ते आसे बोलत न्हाईत. तुमची तब्येत बरी हाये ना?"

वाचक हो, मी त्या खाटेवर बसून जे शिकलो ते मला पदवीने शिकवले नव्हते. थकलो होतो मी. पण त्याची किंमत मोजली त्या पोराने. आणि माझा आजार ना माझ्या सहकाऱ्यांना दिसला, ना घरच्यांना, ना मला. तो दिसला पहिल्या बाकावरच्या मुलाला. मुले पुस्तकाआधी मास्तर वाचतात.

मुलगा परत आला. पदवीही घेऊन गेला. पण त्यानंतर तो तिसऱ्या बाकावर बसू लागला, आणि तास संपल्यावरचा प्रश्न त्याने पुन्हा कधी विचारला नाही. हे नुकसान कोणत्याही फायलीत नोंदले गेले नाही.

गावाहून परतल्यावर मी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब पाहिला, रक्त तपासायला दिले, घसा पाहिला. मग म्हणाले, "घशासाठी औषध देतो. बाकीचं दुखणं औषधाचं नाही. मला एक सांगा, 'आजचं काम झालं' असं तुम्ही शेवटचं केव्हा म्हणालात?"

मला आठवेना.

घरी आल्यावर हा प्रश्न मी अण्णांना सांगितला. माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, आम्हाला का कामे नव्हती? एका खोलीत चार वर्ग, वर जनगणना, वर निवडणूक! पण अण्णा वेगळेच बोलले. निवृत्तीनंतर ते शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरीला पायी गेले होते. त्याची त्यांना आठवण झाली.

"अरे, पालखी महिनाभर चालते. नवखा माणूस पहिल्या दिवशी हुरुपानं सगळ्यांच्या पुढं धावतो, आणि तिसऱ्या दिवशी सामानाच्या गाडीत बसतो. मुरलेला वारकरी काय करतो? मुक्काम आला की थांबतो. पायाला तेल चोळतो, जेवतो, झोपतो. पंढरपूर अजून दूर आहे म्हणून कोणी रात्रभर चालत नाही. आम्हाला काम होतं, पण शाळेला कुलूप लावलं की ते कुलपाआड राहायचं. संध्याकाळी मी पारावर बसायचो. तुमची शाळा तुमच्या खिशात शिरलीय, तिला कुलूप कुठं लावणार?"

शेगाव आमच्याच जिल्ह्यातले. तिथल्या संस्थानाची स्वच्छता आणि शिस्त आपण सर्वांनी पाहिली असेल. ती राखणारे सेवाधारी गावोगावचे साधे लोक असतात. पैसा घेत नाहीत आणि चोख काम करतात. पण त्यांचीही पाळी ठरलेली असते. आपली पाळी झाली की ते घरी, शेतात परततात आणि पुढच्या पाळीला पुन्हा ताज्या मनाने येतात. देवाच्या दारच्या सेवेलासुद्धा जिथे पाळी आहे, तिथे मास्तराच्या सेवेला ती नसावी, असे आपण का धरून चालतो?

या करपण्याला पाश्चात्त्यांनी 'बर्नआउट' असे नाव दिले आहे. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी त्यावर लेख लिहिला. एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या लोकांचे काही महिन्यांनी काय होते, ते त्यांनी जवळून पाहिले होते, आणि स्वतःही अनुभवले होते. त्यांचे म्हणणे ध्यानात घेण्यासारखे आहे. कामचुकार माणूस करपत नाही. जो जीव ओतून काम करतो त्यालाच हा धोका अधिक. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक या विदुषींनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ साली या अवस्थेचे मोजमाप करण्याची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी तपासल्या जातात. मन पार रिते होणे, ही पहिली. ज्यांच्यासाठी काम करायचे ती माणसे माणसे न वाटता वस्तू वाटू लागणे, ही दुसरी. आणि आपल्या हातून काहीच घडत नाही असे वाटणे, ही तिसरी. हे वाचताना मला माझ्या हजेरीपटावरचे आकडे आठवले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणात याची नोंद घेतली. पण त्याला रोग म्हटले नाही. नोकरीच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि त्याचा नीट बंदोबस्त झाला नाही की ही अवस्था येते, असे सांगितले. मला त्यातला हा 'नोकरीच्या ठिकाणचा' शब्द मोलाचा वाटतो. म्हणजे दोष एकट्या मास्तराच्या स्वभावात शोधायचा नाही.

आमच्या सौ. जेव्हा सकाळी निघतात तेव्हा त्यांच्या पर्समध्ये डबा, पाण्याची बाटली आणि दोन चार्जर असतात. शिकवण्याबरोबर पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, उपक्रमांची छायाचित्रे आणि मतदारयादीचे काम असते. कायदा याबाबतीत काही मुका नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुकांची कामे एवढी सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि ते पूर्वतयारी धरून आहेत. 'पूर्वतयारी धरून' हे दोन शब्द खरे तर प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर लिहून ठेवावेत. आम्हा महाविद्यालयीन लोकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि एकूण ४० तास काम असे म्हटले आहे. उरलेले २४ तास वाचनासाठी, तयारीसाठी, विद्यार्थ्यांसाठी आहेत. ते बाहेरून पाहणाऱ्याला रिकामे दिसतात. विहिरीत झरा पाझरतो तो वेळही रिकामाच दिसतो. पण तो वेळ दिला नाही तर पोहरा कोरडा वर येतो.

इथे कोणी म्हणेल, अहो, साने गुरुजींनी कधी तासांचा हिशेब केला का? अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ पासून १९३० पर्यंत होते. छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने रोजचे दैनिक लिहीत आणि त्या मुलांची आई होऊन राहिले. त्या चित्रापुढे माझेही हात जुळतात. पण गुरुजी एकटे होते, संसार नव्हता, मुले हेच घर होते. आजची शिक्षिका पाच वाजता शाळेतून निघते ती घरी दुसऱ्या नोकरीवर रुजू होते. तिथे सासूबाईंची औषधे आहेत, मुलांचा अभ्यास आहे, रात्रीचा स्वयंपाक आहे. तिच्यापुढे गुरुजींचा फोटो धरून 'तुम्हीही असेच व्हा' म्हणणे सोपे आहे. घरी गेल्यावर तिला कोणी चहा करून देतो का, हे विचारणे कठीण.

असो. तक्रारीचा पाढा मोठा होईल. आम्ही घरात काय बदल केले ते सांगतो. यात फार शहाणपण आहे असा दावा नाही. पण तीन वर्षे पाळून पाहिलेले आहे.

पहिला बदल मुक्कामाचा. संध्याकाळी सात वाजता घरातल्या दोन्ही शाळा बंद होतात. फोन देवघराशेजारच्या फळीवर जातो. पालकांच्या आणि सहकाऱ्यांच्या गटांवर आम्ही नम्रपणे कळवून टाकले की सातनंतरच्या निरोपाला उत्तर सकाळी मिळेल. सुरुवातीला वाटले, गहजब होईल. काहीच झाले नाही. तातडीचे वाटणारे निरोप सकाळपर्यंत आपोआप शिळे होतात, असा आमचा अनुभव आहे. उत्तरपत्रिका घरी आणायच्या तर रोज मोजून पंचवीस. सव्विसावी कितीही खुणावू दे.

दुसरा बदल शरीराचा. शिक्षकाचे हत्यार म्हणजे गळा आणि पाय, आणि दोहोंकडे त्याचे दुर्लक्ष. आता मी टेबलावर पाणी ठेवतो आणि दर तासाला चार घोट घेतो. गोंगाटावर आवाज चढवून मात करण्याऐवजी गप्प उभा राहतो. मुले आपोआप शांत होतात, ही युक्ती अण्णांची. मोठ्या वर्गात ध्वनिक्षेपक मागून घेतला, त्यात कमीपणा वाटून घेतला नाही. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती काढे पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे, हे मी आता इतरांनाही सांगतो. सौ.नी तासभर उभे राहून झाल्यावर दहा मिनिटे बसण्याचा नियम केला आहे. रात्री पायाला तेल लावताना त्या म्हणतात, "आजचा मुक्काम आला." आणि त्या बसल्या की चहा मी करतो. तो त्यांना आवडतो की नाही हे मी विचारलेले नाही.

तिसरा बदल सोबतीचा. शिक्षकांच्या खोलीत आम्ही बोलतो पुष्कळ, पण ते गाऱ्हाणे असते. गाऱ्हाण्याने मन हलके न होता सगळ्या खोलीचे जड होते. मी आणि माझे एक सहकारी आता आठवड्यातून तीनदा राजूर घाटाच्या बाजूला फिरायला जातो. नियम एकच. त्या दिवशी वर्गात काय चांगले घडले ते आधी सांगायचे, मग काय बिघडले ते. बिघडलेले सांगायला लाज वाटू नये इतका एक तरी सहकारी प्रत्येक शिक्षकाला असावा. मी त्या मुलाची गोष्ट पहिल्यांदा त्यांनाच सांगितली. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "माझ्या हातून असं दोनदा झालंय." त्या वाक्याने मला जो धीर आला तो दहा व्याख्यानांनी आला नसता.

चौथा बदल गोडीचा. आठवड्यातून एक तास मी परीक्षेला नसलेले काही तरी शिकवतो. कधी जात्यावरच्या ओव्यांची चाल, कधी वऱ्हाडी म्हणी, कधी लोणारच्या सरोवराबद्दलच्या दंतकथा. मुले घरून म्हणी गोळा करून आणतात. आपण या धंद्यात का आलो होतो, त्याची आठवण या एका तासात होते. रितेपणावर याच्यासारखा उतारा मला अजून सापडलेला नाही.

आणि पाचवी गोष्ट. हे सगळे करूनही जर झोप उडालेलीच राहिली, कशातच मन रमेना, सारे व्यर्थ वाटू लागले किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर तो थकवा राहिलेला नसतो. तेव्हा डॉक्टरांकडे जावे. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे डोके फिरले असे समजण्याचे दिवस गेले. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न पडता, आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक मी वर्गातही फळ्यावर लिहून देतो, आणि शिक्षकांच्या खोलीतही लावला आहे.

मात्र एक कबुली दिली पाहिजे. हे सगळे सांगणारा मी कायम नोकरीतला माणूस आहे. माझ्याच शेजारच्या वर्गात तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण आहेत. पात्रता माझ्याएवढी, कित्येकांची अधिक. त्यांना पैसे मिळतात ते शिकवलेल्या तासांचे. सुट्टी लागली की तास नाहीत, तास नाहीत की पैसे नाहीत. त्यांना 'सुट्टीत विश्रांती घ्या' म्हणणे ही थट्टाच होय. त्यांच्या थकव्यावर फिरायला जाण्याचा उपाय नाही. त्यावर उपाय रीतसर नेमणुकीचा आणि पगाराचा. स्वतःची काळजी घेण्याचे उपदेश जेव्हा रिकाम्या जागा भरण्याऐवजी दिले जातात, तेव्हा त्या उपदेशाचाही थकवा येतो.

आणि पालकांनो, थोडे तुमच्याकडे. तुमच्या मुलाच्या बाई रात्री दहा वाजता 'उद्या कोणती वही आणायची' या प्रश्नाला उत्तर देत बसल्या, तर सकाळी त्या तुमच्याच मुलापुढे शिणलेल्या उभ्या राहणार आहेत. तो प्रश्न शेजारच्या मुलाला विचारता येतो. वर्षातून एकदा, शिक्षकदिनाव्यतिरिक्त एखाद्या साध्या दिवशी, 'बाई, तुम्ही शिकवलेली कविता पोरगी घरी म्हणत होती' एवढे सांगून पाहा. सौ.च्या कपाटात अशी एक चिठ्ठी आहे. वहीच्या फाटक्या पानावर, अशुद्ध अक्षरांत, एका मजूर बापाने लिहिलेली. मिळालेली प्रमाणपत्रे कुठे आहेत ते त्यांना सांगता येणार नाही. ती चिठ्ठी मात्र अंधारातही सापडेल.

आता पुन्हा त्या एस.टी.कडे वळतो. बोथ्याचा घाट संपत आला होता. मी शेजारच्या गृहस्थांना विचारले, "तुमचं काय चालतं?"

"शेती. ट्रॅक्टर आला, पन एक जोडी ठेवली हाये अजून."

"मग बैलांना सुट्टी देता की नाही?"

"म्हंजे काय! दुपारी सोडतोच की. पोळ्याच्या दिवशी तर खांद्यावर जू ठेवतच न्हाई. न्हाई सोडलं तं बैल बसून जाईन. मंग पेरणी कोनाच्या जिवावर?"

"तेच," मी म्हणालो. "मास्तराच्या सुट्टीचंही तेवढंच आहे."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या पिशवीवर गेली.

"हे समदं पोरांचे पेपर हायेत?"

"हो."

"अन् हे तुम्ही दिवाळीत घरी चाल्ले घेऊन?"

मला उत्तर सुचले नाही. दोन वर्षे मुक्कामाची गोष्ट लोकांना सांगत होतो, आणि दिवाळीच्या तोंडावर सबंध गठ्ठा मांडीवर घेऊन निघालो होतो. त्यांनी माझ्या हातातून ती पिशवी घेतली, डोक्यावरच्या फळीवर नेऊन ठेवली, आणि म्हणाले, "बुलढान्यापावतर तरी मांडी मोकळी करा, मास्तर."

घरी आल्यावर तो गठ्ठा मी माळ्यावर टाकला. भाऊबीज होईपर्यंत तो तिथेच होता. त्यानंतर रोज पंचवीस. सगळे पेपर वेळेवर तपासून झाले, आणि या खेपेस एकाही पोराच्या चुकीवर मी लाल शाईने टोचून काही लिहिले नाही.